गच्चीवर सूर्य, खाली घाम

गुरुवारी पावणेबाराला लाइट गेले. पुण्यात गुरुवार म्हणजे दुरुस्तीचा वार, त्यात नवल नाही. नवल हे, की गच्चीवर ३ किलोवॅटची पॅनेलं वैशाखाच्या उन्हात भाजत होती आणि खाली मी वर्तमानपत्रानं वारा घेत होतो.

समोरचे नाना गॅलरीत आले. त्यांच्याकडे बॅटरीत पाणी ओतावं लागणारा जुनापुराणा इन्व्हर्टर आहे. पंखा चालू होता, तो आवाजही करत होता. मुद्दाम.

"काय हो, सोलर बसवलंत ना?"

"हो."

"मग ऊन गेलंय का?"

"ऊन आहे. लाइट गेलेत."

"अहो, लाइट जातात म्हणूनच बसवलंत ना?"

मी समजावलं. आमचं ऑन-ग्रिड. खांबावरची वीज असेल तरच तिच्या तालावर आमचा इन्व्हर्टर चालतो. हा नानांसारखा बॅटरीवरचा नव्हे, पॅनेलची वीज घरात वापरता येईल अशी करणारा. ती गेली की हाही बंद. नाहीतर आमची वीज उलटी लाइनवर जायची आणि डीपीवर काम करणाऱ्या वायरमनला झटका बसायचा.

"मग मेन स्विच पाडा, घरापुरतं चालवा."

"तरी ताल कोण देणार? त्याला हायब्रिड लागतो. तो घर खांबापासून तोडतो आणि बॅटरीच्या जोरावर स्वतःच ताल धरतो."

नानांनी आत तोंड करून हाक मारली, "अगं ऐकलंस का, यांच्याकडे स्वयंपाक तयार आहे, पण जावई आल्याशिवाय पानं वाढत नाहीत!"

आतून हसण्याचा आवाज आला. एक नाही, दोन बायकांचा. बहुतेक दुसरी आमचीच.

बसवणाऱ्यानं ७८,००० रुपयांची सबसिडी तोंडपाठ ऐकवली होती, 'विजेच्या कटकटीतून मुक्ती' असा कागदही दिला होता. आता फोन केला तर म्हणतो, "बॅटरीचं तुम्ही विचारलं नाहीत." मी काय काय विचारायला हवं होतं, याची यादी तरी द्यायचीत! वर भुर्दंड असा, की भर दुपारी नेट मीटरमधून जे युनिट बाहेर जाऊन बिलात वळते झाले असते, तेही बुडाले. मोबाइलवरचं अ‍ॅप मी किती झाडं वाचवली ते सांगतं. पण वायफायही गेलेलं, त्यामुळे त्यात सूर्य पावणेबारालाच थांबलेला.

"मोबाइल द्या, चार्ज करून देतो," नाना म्हणाले.

बारा टक्के उरले होते. दिला.

लाइट साडेपाचला आले. इन्व्हर्टर लगेच सुरू झाला नाही. आलेली वीज टिकतेय का, हे तो आधी निवांत पाहून घेतो. तोवर ऊन शेजारच्या टॉवरमागे गेलं होतं.