४ जुलैला अमेरिकेत सरकार आलंच नव्हतं

‘चहावरचा कर वाढला, जनता भडकली, १३ वसाहतींनी ४ जुलै १७७६ला एकमुखानं सह्या ठोकल्या, देश, घटना, सरकार सगळं एका दमात तयार! आपल्याला मात्र घटना लिहायला तीन वर्षं लागली.’ व्हॉट्सॲपवर दरवर्षी जुलैत फिरणारा हा मजकूर. यातली आपली तीन वर्षं तेवढी खरी.

आधी चहा. १७७३च्या ब्रिटिश संसदेच्या चहा कायद्यानं कर वाढला नाही, चहा उलट स्वस्त झाला. बुडीत चाललेल्या ईस्ट इंडिया कंपनीला (हो, तीच आपली) ब्रिटनमधल्या जकातीतून सूट मिळाली आणि थेट अमेरिकेत माल विकायची मुभा. वसाहतींतला जुना कर मात्र तसाच राहिला. स्वस्त चहा घेतला तर लंडनच्या संसदेचा कर लावायचा हक्क मान्य केल्यासारखं होणार, हा राग होता. शिवाय चोरट्या चहावर गबर झालेल्या व्यापाऱ्यांच्या पोटावर पाय येत होता, तेही विसरू नये.

एकमुखानं? स्वातंत्र्याचा ठराव झाला २ जुलैला, न्यूयॉर्क तटस्थ राहून. ४ तारखेला मंजूर झाला तो जाहीरनाम्याचा मसुदा. बहुतेक सह्या २ ऑगस्टच्या. आणि राजाशी निष्ठा ठेवणारे हजारो लोक पुढे देश सोडून गेले.

खरी गंमत ‘घटना, सरकार तयार’ यात आहे. पहिली व्यवस्था, म्हणजे राज्यसंघाचा करारनामा, १७८१मध्ये लागू झाली आणि ती सपशेल फसली. राष्ट्राध्यक्ष नाही, केंद्रीय न्यायव्यवस्था जवळपास नाहीच, काँग्रेसला (म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेला) कर लावायचा अधिकार नाही. राज्यांकडे पैसे मागायचे आणि वाट बघायची. आयातीवर ५ टक्के जकात बसवायचं ठरलं, तर एकट्या ऱ्होड आयलंडनं नकार दिला आणि बेत बारगळला, कारण करारनाम्यात बदलाला तेराही राज्यांची संमती लागे. १७८३मध्ये पगार थकलेल्या सैनिकांनी फिलाडेल्फियात सभागृहाला वेढा घातला. काँग्रेसनं प्रिन्स्टनला पळ काढला. ब्रिटनला हरवणाऱ्या देशाचं हे सरकार! पुढे मॅसॅच्युसेट्समध्ये कर आणि कर्जानं पिचलेले शेतकरी डॅनियल शेजच्या नेतृत्वाखाली उठले. ते बंड मोडायला काँग्रेसकडे दमडी नव्हती. बोस्टनच्या धनिकांनी वर्गणी काढून फौज उभी केली.

मग १७८७ची फिलाडेल्फियातली परिषद. बोलावली होती करारनामा दुरुस्त करायला. प्रतिनिधींनी बंद दाराआड तो गुंडाळूनच ठेवला. नव्या घटनेला नऊ राज्यं पुरेत, हेही त्यांनीच ठरवलं. एकमताची अट पाळली असती तर ऱ्होड आयलंडनं पुन्हा खोडा घातला असता. त्यांनी परिषदेला माणूसच पाठवला नव्हता.

वॉशिंग्टन यांनी राष्ट्राध्यक्षपदाची शपथ घेतली ३० एप्रिल १७८९ रोजी, जाहीरनाम्यानंतर जवळपास तेरा वर्षांनी. ऱ्होड आयलंडनं घटना स्वीकारली त्याच्याही वर्षभरानं, ३४ विरुद्ध ३२ मतांनी.