‘गॅस तो गॅसच’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

टॉर्च (बॅटरीचा नव्हे, गॅसवर ज्योत फेकणारा) आणि ग्रिलला लागणाऱ्या गॅसच्या छोट्या डब्यांबद्दल एक लांबलचक मेसेज सध्या या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतोय. मथळा असा, की कंपन्या तुम्हाला हे कधीच सांगणार नाहीत. मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: सगळ्या डब्यांत गॅस एकच असतो, म्हणून स्वस्तातला घ्या. रिकामा डबा टाकू नका, अडॅप्टर लावून मोठ्या सिलिंडरवरून पुन्हा भरा. ज्योत मंदावली की डबा गरम पाण्यात ठेवा. वास नाही म्हणजे गळती नाही, आणि असली तरी खिडकी उघडी असली की झालं. संपलेल्या डब्याला भोक पाडून तो कचऱ्यात टाका. शेवटी हुकमी एक्का: ‘मी वर्षानुवर्षं हेच करतोय, काही झालं नाही.’

मेसेज निव्वळ थापांचा असता तर उत्तर द्यायचे कष्ट घेतले नसते. पण त्यातल्या बहुतेक मुद्द्यांत थोडं खरंही आहे, आणि लोक फसतात ते त्यालाच.

पहिला मुद्दा घ्या. किलोमागे मिळणारी उष्णता पाहिली तर या डब्यांत भरले जाणारे ब्युटेन आणि प्रोपेन यांच्यात खरोखरच नाव घेण्यासारखा फरक नाही. फरक आहे तो दाबात. डब्यात गॅस द्रवरूपात असतो, तो उकळून वर वाफ जमते आणि ती वाफ आपण जाळतो. ब्युटेन उकळतो उणे ०.५ अंश सेल्सिअसला, त्याचाच भाऊ आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२ ला. २० अंशांना ब्युटेनच्या डब्यात हवेच्या दाबाच्या साधारण दुप्पट दाब असतो, प्रोपेनच्या बाटलीत आठ पटींहून जास्त. ५० अंशांवर हेच आकडे सुमारे ५ आणि १७ होतात. म्हणूनच ब्युटेनचा डबा पातळ पत्र्याचा चालतो आणि प्रोपेनची बाटली हातात जड लागते. कंपनीने पत्रा वाचवला किंवा उगाच वाया घालवला, असं काही नाही.

खरेदी करताना याचा अर्थ सरळ आहे. थंडीत बाहेर ग्रिल लावायचं असेल तर शुद्ध ब्युटेन कामाचा नाही. गोठणबिंदूच्या आसपास तो डब्यात नुसता बसून राहतो. प्रोपेन मिसळलेल्या मिश्रणाचा डबा घ्या. पण त्यातलाही प्रोपेन आधी उडून जातो आणि शेवटी मागे ब्युटेनच उरतो, हे लक्षात असू द्या. डब्यावर गॅसचं नाव आणि निव्वळ वजन छापलेलं असतं, ते वाचा. मग तोंड बघा: खाच असलेलं, आट्यांचं, की भोक पाडून बसवायचं. आपल्या टॉर्चला किंवा ग्रिलला जे तोंड लागतं तेच घ्या. शिवणीवर पोचा असेल किंवा कडेला गंज धरला असेल, तर तो डबा फुकट मिळाला तरी नको.

जाता जाता पिवळ्या बाटलीबद्दल, म्हणजे धातू जोडायच्या टॉर्चला लागणाऱ्या ‘मॅप’ नावाच्या गॅसबद्दल. ‘मॅप गॅस दुप्पट तापतो’ असंही मेसेजमध्ये ठोकून दिलंय. खऱ्या मॅप गॅसचं उत्तर अमेरिकेतलं उत्पादन २००८ मध्येच थांबलं. आज त्याच धाटणीच्या नावाने मिळतो तो प्रामुख्याने प्रोपिलीन. हवेत जळताना त्याची ज्योत प्रोपेनपेक्षा जास्त गरम असते हे खरं, पण हा फरक शंभर अंशांच्याही आतला आहे. तांब्याच्या नळ्या जोडणाऱ्याला त्याचा उपयोग होतो. ग्रिल पेटवायला तो घेण्यात काही हशील नाही.

आता पुन्हा भरण्याचा मुद्दा. मेसेजमधला सगळ्यात जास्त शेअर झालेला भाग हाच, आणि सगळ्यात घातकही. छोटा डबा फ्रीजरमध्ये थंड करा, मोठा सिलिंडर उलटा धरा, आपोआप भरतो, असं सांगितलंय. भरतो, यात वाद नाही. पण किती भरला हे कळणार कसं? द्रवरूप गॅस तापला की भलताच फुगतो. उणे १८ अंशांना भरलेला द्रव प्रोपेन ४० अंशांपर्यंत आला की त्याचं आकारमान सतरा-अठरा टक्क्यांनी वाढतं. भरणाऱ्या केंद्रात टाकी साधारण ८० टक्क्यांवर थांबवतात ती या फुगण्याला जागा राहावी म्हणून. थंडगार डब्यात अंदाजाने ओतलेला गॅस काठोकाठ जातो. वर वाफेला जागा उरली नाही की पुढच्या प्रत्येक अंशाला दाब भराभर चढतो, कारण द्रव दबत नाही. मग काय करायचं ते पत्रा ठरवतो.

त्यात मोठ्या सिलिंडरमध्ये प्रोपेन किंवा प्रोपेन-ब्युटेनचं मिश्रण असतं, आणि भरला जातोय फक्त ब्युटेनसाठी बनवलेला डबा. वर दिलेले ५ आणि १७ हे आकडे पुन्हा एकदा बघा. झडपेचं तर वेगळंच दुखणं. एकदाच वापरायच्या डब्याची झडप गॅस बाहेर सोडण्यापुरती बनवलेली असते. उलट्या दिशेने भरताना तिच्या रबरात बारीक कचरा अडकला, तर अडॅप्टर काढल्यावर ती नीट मिटत नाही. सुरसुर इतकी बारीक असते की कानाला कळत नाही, आणि तो डबा तसाच कपाटात जातो.

‘काही झालं नाही’ याचं उत्तरही इथेच आहे. जास्त भरलेला डबा भरताना फुटत नाही. भरताना तो थंड असतो, शांत असतो. त्याची परीक्षा होते उन्हात उभ्या बंद गाडीत, जिथे आतलं तापमान ६० अंशांच्या वर सहज जातं. डब्यावर छापलेली मर्यादा ५० ची आहे, तीही कारखान्यात मापाने भरलेल्या डब्यासाठी. डबे टाकून देणं ज्यांच्या जिवावर येतं (आणि ते योग्यच आहे), त्यांच्यासाठी पुन्हा भरण्यासाठीच बनवलेले छोटे सिलिंडर असतात. ते जाणकाराकडून वजनावर भरून घ्यावेत.

गरम पाण्याबद्दल मेसेज अर्धा बरोबर आहे. गॅस उकळताना डब्याचीच उष्णता ओढून घेतो, डबा गार पडतो, दाब उतरतो आणि ज्योत बसते. डब्यावर दव किंवा पांढरा बर्फाचा थर दिसतो तो याच कारणाने. ‘पाणी मिसळलेला माल’ वगैरे काही नाही. हाताला सुखद वाटेल इतक्या कोमट पाण्यात डबा ठेवला तर तो पुन्हा चालायला लागतो. पण उकळतं पाणी, हीटर, दुसऱ्या टॉर्चची ज्योत हे वर्ज्य. शिवाय डबा आपल्याही नकळत तापतो. शेगडीवर इतका मोठा तवा ठेवतात, की तो शेजारच्या डब्याच्या डोक्यावरही येतो आणि उष्णता खाली फेकतो. वारा अडवायला पत्रा लावतात तो डब्यालाही वेढून. अशा वेळी दर मिनिटा-दोन मिनिटांनी डब्याला हात लावून बघा. गरम लागला की बंद.

टॉर्चवाल्यांनी आणखी एक गोष्ट सांभाळायची. नुकताच पेटवलेला, अजून न तापलेला टॉर्च एकदम आडवा-तिडवा केला तर नोझलपर्यंत वाफेऐवजी द्रव पोचतो आणि हातभर पिवळा भडका उठतो. पेटवल्यावर मिनिटभर उभा धरा, मग तिरका करा.

वासाचा मुद्दा मात्र सरळसरळ चूक आहे. या गॅसना स्वतःचा वास जवळजवळ नसतो. आपल्याला येतो तो मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टन या उग्र वासाच्या रसायनाचा. लायटर भरायच्या शुद्ध ब्युटेनला तो अनेकदा अगदी पुसट असतो. शिवाय नाक सरावतं, थोड्या वेळाने वास असूनही जाणवत नाही. आणि खिडकी? प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, ब्युटेन दुप्पट. तो खाली बसतो, खिडकी असते छातीच्या उंचीवर. हवेत ब्युटेन १.८ टक्के झाला की ठिणगीला तेवढं पुरतं. २२० ग्रॅमच्या एका डब्याचा गॅस मोकळा झाला तर सुमारे ९० लिटर होतो. दहा बाय बारा फुटांच्या खोलीत जमिनीपासून दीड फूट उंचीपर्यंतची सगळी हवा पेट घेण्याजोगी करायला तेवढा बास. तळघरात, गाडीच्या डिकीत, जिन्याखालच्या कपाटात डबे ठेवायचे नाहीत ते यासाठी.

गळती तपासायची ती साबणाच्या पाण्याने. डबा जोडायचा, पण टॉर्चची किंवा ग्रिलची चावी बंदच ठेवायची. जोडावर ब्रशने फेस लावायचा आणि अर्धा मिनिट नुसतं बघत राहायचं. मोठे बुडबुडे लगेच दिसतात. बारीक गळतीला कडेने दाण्यादाण्यांचा फेस हळूहळू वाढत जातो. तसं दिसलं तर आवळत सुटू नका. डबा काढा आणि आतली रबरी रिंग बघा. ती चिरलेली, चपटी झालेली किंवा जागेवरून सरकलेली सापडेल. गॅस वर्षानुवर्षं टिकतो, रबर टिकत नाही. आट्याही आधी बोटांनीच बसवायच्या. सुरुवातीलाच अडखळल्या तर वाकड्या धरल्या आहेत.

राहिला रिकामा डबा. थंडीत ज्योत विझली म्हणजे डबा संपला असं नसतं; आत द्रव ब्युटेन शिल्लक असू शकतो आणि उबेला आणला की दाब परत येतो. अशा डब्याला खिळा मारणं म्हणजे अंगावर गॅस घेणं. रिकामा की भरलेला याचा निकाल वजनावर लावा. नवा डबा काट्यावर ठेवून आलेला आकडा मार्करने त्याच्यावरच लिहायचा. त्यातून छापलेलं निव्वळ वजन वजा केलं की रिकाम्या डब्याचं वजन मिळतं. काटा त्या आकड्यावर आला, की डबा बाहेर मोकळ्यावर टॉर्चला जोडून उरलासुरला गॅस जाळून टाका. त्यानंतरही आत हवेच्या दाबाइतकी वाफ राहतेच, म्हणून भोक पाडायचं की नाही हे भंगार घेणाऱ्याला विचारा. काही जण भोक पाडलेलाच डबा घेतात, काही जण तसा हातात धरत नाहीत. पाडायचं ठरलं तर उघड्यावर, आसपास विस्तव नसताना, आणि ठिणगी उडवणाऱ्या ड्रिलने नव्हे.