चहा सोडलेल्या माणसाची सोय

गेल्या रविवारी एका साखरपुड्यात मला चारचौघांदेखत पेलाभर गरम दूध पिऊन दाखवावे लागले. माझा राग दुधावर नाही. त्यावरच्या सायीवर आणि ते मागवणाऱ्या मामांवर आहे.

मी चहाचा कप नम्रपणे नाकारला, एवढेच निमित्त झाले. शेजारी बसलेल्या वधूच्या मामांनी प्रथम "शुगर आहे का?" असे विचारले, मग पित्ताची चौकशी केली, आणि दोन्ही नाही म्हटल्यावर माझा उपास असावा असा तर्क करून तो स्वतःच खोडून काढला, कारण "उपासाला चहा चालतो." व्यसन जडले होते म्हणून सोडला, असे सांगताच ते खुर्चीसकट माझ्याकडे वळले. "अहो, जे एकादशीला चालते ते व्यसन कसे असेल?" त्यांचे वडील म्हणे दिवसातून दहा वेळा बशीने चहा घेत आणि नव्वदीत गेले, कशाने गेले, हे विचारण्याची ती वेळ नव्हती. शेवटी स्वयंपाकघराच्या दिशेने त्यांनी पुकारा केला, "हे आजारी आहेत, यांना दूध आणा!"

वास्तविक माझे कपाळ तेव्हा ठणकतच होते. थकव्याची वर्दी मेंदूला देणाऱ्या अडेनोसिनची जागा कॅफिन अडवून बसते, आणि चहा तुटला की साधारण बारा ते चोवीस तासांत डोकेदुखी, मरगळ व चिडचिड सुरू होते. अमेरिकेतील मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली या त्रासाला आपल्या निदानपुस्तिकेत अधिकृत जागा दिली. मामांनी अद्याप दिलेली नाही. चहा हळूहळू कमी करावा हा सल्ला योग्यच आहे, परंतु आपल्याकडे अर्धा कप मागणाऱ्याला तो दोनदा दिला जातो.

याच महाराष्ट्रात १८९० साली पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमधील चहापानावरून ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचे प्रकरण, उभे राहिले आणि टिळक-रानड्यांवर प्रायश्चित्ताची पाळी आली. तेव्हा प्रश्न चहाचा नव्हता, तो कोणाकडे घेतला याचा होता, हे मला मान्य आहे. पण आता न पिणाऱ्यालाच वाळीत टाकतात, याला काय म्हणावे? सिगारेट सोडणाऱ्याची पाठ थोपटतात, दारू सोडणाऱ्याचे उदाहरण मुलांना देतात, आणि चहा सोडणारा मात्र यजमानाचा अपमान करतो. आमच्या घरीही आता "निदान लोकांकडे गेल्यावर तरी घोटभर घेत जा" असा ठराव झाला आहे, आणि तो मांडणाऱ्यांनी तो चहा पिता पिताच मांडला.