प्लंबरचा मेसेज आलाय

बायकोच्या नकळत दुसऱ्या बाईशी चॅट करायचंय? सुरुवात त्या बाईचा नंबर सेव्ह करण्यापासून. नाव ‘प्लंबर’ ठेवा, फार तर ‘गॅसवाला’. कोल्हापूरच्या राजारामपुरीत खराखुरा प्लंबर चार फोन केल्याशिवाय फिरकत नाही, आणि तुमचा मात्र रात्री पावणेबाराला ‘जेवलास का?’ विचारतो, याचं घरात कुणाला नवल वाटणार नाही. बायकोनं तोच नंबर आपल्या फोनवर टाकला तर ट्रूकॉलर भलतंच नाव सांगेल, पण इतका विचार कोण करतंय!

मग व्हॉट्सअॅपवर चॅट लॉक करा. नोटिफिकेशनमध्ये नाव नाही, मजकूर नाही, नुसता ‘१ नवा मेसेज’. स्क्रीनवर दूधवाला नावानिशी, सासूबाई नावानिशी, तालमीचा ग्रुप नावानिशी, आणि मधेच हा एक बिननावाचा. नजर बरोबर तिथंच जाते.

मेसेज आपोआप गायब होणारे ठेवा. २४ तास, ७ दिवस, ९० दिवस, जशी भीती तशी मुदत. तिकडच्या फोनवर स्क्रीनशॉट निघाला तर तुम्हाला कळत नाही, एवढंच. चुकून एखादा बायकोलाच गेला, तर ‘सर्वांसाठी डिलीट’ करा. मजकूर जातो, डिलीट केल्याची पाटी राहते. मजकुरावर वीस मिनिटं भांडण झालं असतं, पाटीवर रात्र जाते.

फोटोंना जपा. व्हॉट्सअॅपचा फोल्डर गुगल फोटोजच्या बॅकअपला लावलेला, आणि पोराच्या टॅबमध्ये खातं तुमचंच. कार्टून बघता बघता पोरगं विचारतं, “पप्पा, ह्या कोण मावशी?”

एवढी व्यवस्था केलीत तरी सापडाल ते चालण्या-बोलण्यावरनं. फोन अंघोळीला सोबत. ताटाशेजारी ठेवला तर पालथा. लग्नापासून पिशवी घेऊन दुधाला न गेलेला माणूस रोज रात्री गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला निघतो. ग्लास संपायला पाच मिनिटं, घरी यायला सव्वा तास. (रंकाळ्यावर बसू नका. तिथं तुमचा मावसभाऊ आधीच बसलाय.)

कायद्याला भिऊ नका. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली कलम ४९७ रद्द केलं, व्यभिचार आता गुन्हा नाही. हिंदू विवाह कायद्यात तो घटस्फोटाचं कारण अजून आहे. नुसत्या चॅटनं तो सिद्ध होणं अवघड, हे खरं. पण त्याच चॅटवर वकील ‘मानसिक क्रूरता’ मांडतात, ते तुम्ही वाचू नका.

सापडलात की ठेवणीतलं वाक्य काढा: “अगं, आम्ही कधी भेटलोसुद्धा नाही!” हात लावल्याचा मुद्दा तिनं काढलेलाच नसतो. साहेबानं तुम्हाला झापलं ते ‘प्लंबर’ला दहाव्या मिनिटाला कळलं, तिला चौथ्या दिवशी, तेही शेजारणीकडनं. ती तेवढंच धरून बसते. तुम्ही मात्र न झालेल्या भेटीचे पुरावे देत राहा.

रविवारी जेवायला बसा. तांबडा-पांढरा, भाकरी, शेजारी पालथा फोन. तो थरथरला की पांढऱ्या रश्श्यावर बारीक लाट उठते, वाटीच्या काठापर्यंत जाते. दोघंही वाटीकडं बघा.

“प्लंबर असेल,” म्हणा.

“मग उचला की,” ती वाढता वाढता म्हणेल. “मोरीतला नळ कवाधरनं गळतोय.”