नानांचा गोल्डफिश

कालपासून आमच्या जिन्यावर मी निर्दय माणूस म्हणून प्रसिद्ध आहे, कारण मी एका गोल्डफिशला घरात थारा दिला नाही.

वरच्या मजल्यावरचे नाना पाण्याने टम्म भरलेली प्लास्टिकची पिशवी घेऊन दारात उभे होते. नातवाची हौस फिटली होती, मासा उरला होता. "तुझ्याकडे एवढा चार फुटी टँक आहे. त्यात हा एक सोडला तर काय बिघडतं?" मी नाही म्हणालो. विषय तिथेच संपायला हवा होता. पण नाना चपला काढून आत आले आणि पिशवी मांडीवर घेऊन टँकसमोर ठाण मांडून बसले.

माझ्याकडे आफ्रिकन सिक्लिड आहेत. त्यातले म्बुना, मलावी सरोवरातले. खडकाच्या कपारीत राहायचं, खडकावरचं शेवाळ खरवडून खायचं आणि उरलेला वेळ दुसऱ्याला आपल्या कपारीजवळ फिरकू द्यायचं नाही, एवढाच त्यांचा दिनक्रम. ते सरोवर ५५० किलोमीटरहून लांब आणि सुमारे ७०० मीटर खोल आहे. तिथे मार खाल्लेला मासा निमूट दुसरीकडे निघून जातो. माझ्या टँकमध्ये तो फिल्टरच्या पाइपामागे कुरतडलेली शेपटी घेऊन उभा राहतो. त्यामुळे यांच्यासोबत कोण टिकेल, हा माझ्या डोक्यातला कायमचा भुंगा आहे.

नाना बसले तसे सगळे मासे धावत काचेपाशी आले आणि अंग हलवत त्यांच्यासमोर नाचू लागले.

"बघ, ओळखलं मला."

"नाना, काचेसमोर कुणीही उभं राहिलं तरी ते असेच येतात. त्यांना वाटतं खाणं आलं."

"प्रेमाचे भुकेले आहेत रे."

खरं सांगायचं तर माझं डोकं तिथेच फिरलं. दर आठवड्याला बादल्या वाहून यांचं पाणी मी बदलतो, तेव्हा हे सगळे दगडाआड दडलेले असतात.

तेवढ्यात काळ्या अंगाच्या एका माशाने पिवळीला अशी धडक दिली की ती काचेवर आपटली.

"हा गुंड कोण?"

"ऑरेटस. नर आहे. मोठा होऊन दादा झाला की असा काळा पडतो."

"आणि ही पिवळी, पट्ट्यांची?"

"त्याचीच मादी."

"स्वतःच्या बायकोला मारतोय?"

"म्हणून तर एका नरामागे तीन-चार माद्या ठेवाव्या लागतात. एकच असली तर तिचा जीव घेतो."

नानांनी मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिलं. "हळू बोल," म्हणाले.

मग त्यांनी उपाय सुचवायला सुरुवात केली. नानांचं कौतुक करायला हवं. त्यांचा प्रत्येक उपाय शहाण्या माणसाचा होता, आणि नेमका म्हणूनच चुकीचा.

"तुझ्या टँकमध्ये गर्दी फार झालीय. चारच ठेव. मोकळंढाकळं असलं की कोण कशाला भांडेल?"

"चार ठेवले तर एक उरतो."

"बाकीचे?"

मी उत्तर दिलं नाही. नानांनी पिशवीवर हात ठेवला, बहुधा आतल्याने ऐकू नये म्हणून. मी समजावलं, की म्बुना मुद्दाम दाटीवाटीने ठेवतात. पुढे कोण, मागे कोण याचाच पत्ता लागला नाही की एकट्याच्या मागे हात धुऊन लागता येत नाही. मार सगळ्यांना थोडाथोडा वाटला जातो. अर्थात घाणही तेवढीच वाढते, म्हणून फिल्टर दांडगा लागतो आणि बादल्या माझ्या नशिबी येतात.

"मग पोटभर खायला घाल. पोट भरलेला माणूस भांडत नाही."

"हे शेवाळ खाणारे, नाना. लांब आतड्यांचे. मायेने रोज अळ्या घातल्या तर पोटं फुगून मरतात."

"म्हणजे पथ्यही आहे! बरं, मग एकाच जातीचे ठेव. सगळे सारखे. आपल्या आपल्यात कोण भांडतं?"

इथे मला हसू आवरेना. सिक्लिडला सगळ्या जगात सर्वांत जास्त राग येतो तो आपल्यासारख्या दिसणाऱ्याचा. डेमासोनी नावाचा बोटाएवढा निळा पट्टेरी मासा आहे. तो ठेवायचा तर एकटा, नाहीतर डझनावारी. दोन-तीन ठेवले की थोड्याच दिवसांत हिशेब सोपा होतो. परकी जात चालते, पण रंग आणि पट्टे वेगळे हवेत. आपल्या माणसांत कोण भांडतं, हे विचारणाऱ्या नानांचा सख्ख्या भावाशी गेली कित्येक वर्षं दावा चालू आहे आणि तो सगळ्या जिन्याला तारखांसकट पाठ आहे. मी काही बोललो नाही. नानाही जरा वेळ काहीच बोलले नाहीत.

"पण पाणी ते पाणीच ना?" मग त्यांनी बाजू बदलली.

पाण्याचं एक वेळ जमलं असतं, हे मला कबूल करावं लागलं. म्बुनांना पीएच ८च्या आसपास आणि जड, म्हणजे जास्त क्षारांचं, पाणी लागतं. गोल्डफिश ते सोसतो. नानांनी निऑन टेट्रा आणला असता तर मी दारातच जिंकलो असतो, कारण तो ॲमेझॉनच्या मऊ, आम्लधर्मी पाण्यातला. अडचण अशी, की माझ्या टँकमध्ये हीटर २५-२६ अंशांवर असतो आणि गोल्डफिशला त्याहून थंड पाणी मानवतं. शिवाय नानांचा हा गोंडस, गोल पोटाचा जीव आपली लांब झुलती शेपटी सांभाळत सावकाश फिरणार. दुसऱ्या दिवशी पोट उरलं असतं, शेपटी नाही.

"मग तू आणणार तरी कोणाला?" नानांनी निर्वाणीचं विचारलं.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण विषय आवडीचा निघाला की माणसाला राहवत नाही. मी म्हणालो, सिनोडोन्टिस मल्टिपंक्टेटस. तळाशी फिरणारा, मिशीवाला, अंगावर ठिपके, जाड कातडीचा. टांगानिका सरोवरातला आहे, त्यामुळे जड पाणी त्याला घरचंच. दिवसा कपारीत पडून राहतो, म्बुना त्याला फारसे छळत नाहीत. आणि गंमत म्हणजे, मी पुढे झुकून सांगितलं, तो कोकिळेचा धंदा करतो. सिक्लिडची मादी अंडी घालते आणि लगेच तोंडात उचलून घेते. जवळजवळ तीन आठवडे तोंडात सांभाळते, तेवढा काळ धड खातही नाही. तर ती अंडी उचलत असतानाच हे मिशीवाले मध्ये घुसतात, तिची काही अंडी मटकावतात आणि आपली टाकून पसार होतात. ती बापडी तीही तोंडात घेते. मिशीवाल्याची पिल्लं आधी बाहेर येतात आणि आईच्याच तोंडात बसून तिची खरी पोरं खाऊन टाकतात.

नाना बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले.

"आणि याला तू घरात घेणार?"

"हो. म्हणजे, बघतोय कुठे चांगले मिळतात का."

"आईच्या तोंडात बसून तिची पोरं खाणाऱ्याला घेणार. आणि या गरिबाला नाही."

यावर काय बोलणार? टांगानिकाचं पाणी काय प्रतीचं आहे, हे सांगायची ती वेळ नव्हती. नाना उठले, पिशवी छातीशी धरली आणि जिन्यात पहिलं जे माणूस भेटलं त्याला हे सगळं सांगितलं. तिथून पुढे मी पोरं खाणाऱ्यांना आसरा देणारा झालो.

राग नानांचा नाही. निदान फक्त नानांचा नाही. कुत्रा पाळणाऱ्याच्या घरी कुणी ससा घेऊन जात नाही, पण टँक दिसला की प्रत्येकाला वाटतं, पाणी आहे, मासा आहे, सोडला की झालं. विकणारेही तेच शिकवतात. "मिक्स आफ्रिकन" म्हणून एकाच टाकीत मलावीचे, टांगानिकाचे, व्हिक्टोरियाचे, कुणाचे कोण हे त्यांनाही ठाऊक नसलेले संकरित, सगळे बोटाच्या पेराएवढे, गरीब गाईसारखे पोहत असतात. नाव विचारलं तर उत्तर मिळतं, "कलरवाला." नर की मादी विचारलं तर आपल्यालाच वेड्यात काढतात. शांत येलो लॅब आणि माथेफिरू ऑरेटस एका जाळीत, एका भावात. सौम्य स्वभावाचा पीकॉक सिक्लिड पाहून माणूस भाळतो, म्बुनांच्यात सोडतो, आणि तो पुन्हा कधी रंग दाखवतच नाही. भीतीने करडाच राहतो. त्याला म्बुनांच्यात टाकू नका, एवढं एक वाक्य विकताना बोललं असतं तर जीभ झिजली नसती कुणाची. पण मग एकाऐवजी दोन टँक लागतात हे गिऱ्हाइकाला कळेल, आणि तो हात हलवत घरी जाईल.

गोल्डफिश सध्या नानांकडेच आहे, काचेच्या गोल भांड्यात. गोल्डफिश किती घाण करतो ते मला माहीत आहे, त्यामुळे मला राहवलं नाही. माझा जास्तीचा स्पंज फिल्टर आणि एअर पंप मीच वर नेऊन लावून दिला आणि बजावलं, की हा चोवीस तास चालू राहिला पाहिजे. आज सकाळी चौकशी केली. नाना तो रात्री बंद करतात. बुडबुड्यांच्या आवाजाने माशाची झोपमोड होते म्हणे.