सर, स्पीड तर मस्त येतोय!

भाच्याच्या टोळीला एकत्र खेळता यावं म्हणून माझ्या कॉम्प्युटरवर लावलेला माइनक्राफ्ट या खेळाचा सर्व्हर चालू आहे. काळ्या खिडकीत ‘डन’ असं उमटलंय, माझ्याच कॉम्प्युटरवरून आत शिरलं की गवत दिसतं, मेंढ्या दिसतात, सगळं आलबेल. फक्त घराबाहेरच्या एकाही जिवाला तो दिसत नाही. भाच्याची टोळी आपापल्या घरी हेडफोन चढवून बसलेली आणि सगळ्यांच्या स्क्रीनवर एकच मजकूर : ‘कनेक्शन टाइम्ड आउट : नो फर्दर इन्फर्मेशन’. पुढची माहिती नाही, हेसुद्धा किती आवर्जून सांगितलंय बघा! त्यापेक्षा ‘रिफ्यूज्ड’ आलं असतं तर मी पेढे वाटले असते. रिफ्यूज्ड म्हणजे निदान निरोप मशीनपर्यंत पोचला आणि तिथून कोणीतरी ‘नाही’ म्हणालं. टाइम्ड आउट म्हणजे कोणी हूं की चूं केलेलं नाही.

माइनक्राफ्टचा पोर्ट, म्हणजे आत यायच्या दाराचा नंबर, २५५६५. तो राउटरमध्ये फॉरवर्ड केला, म्हणजे त्या दारावर येणाऱ्याला माझ्या कॉम्प्युटरकडे धाडायला सांगितलं, बोलण्याची पद्धत टीसीपीच निवडली, कॉम्प्युटरचा आतला पत्ता बदलू नये म्हणून बांधून टाकला, कॉम्प्युटरच्या पहारेकऱ्याला, म्हणजे फायरवॉलला सांगून, हा खेळ ज्यावर चालतो त्या ‘जावा’ प्रोग्रॅमला परवानगी दिली. हे लिहायला दोन ओळी पुरल्या, पण प्रत्येक राउटरवाल्याने या एका गोष्टीला वेगळं नाव देऊन ती वेगळ्या बिळात लपवलेली असते. कुठे ‘पोर्ट फॉरवर्डिंग’, कुठे ‘व्हर्च्युअल सर्व्हर’, कुठे नुसतं ‘नॅट’. शेजारीच ‘डीएमझेड’ असतं, ते चालू केलं की त्या मशीनची सगळीच्या सगळी दारं सताड उघडी. हताश माणसाच्या हाताशी असं बटण ठेवणाऱ्याला माणसांबद्दल काय वाटत असेल, कुणास ठाऊक.

त्यात भाचा माझ्याच सोफ्यावर बसून बाहेरचा पत्ता टाकत होता आणि “मामा, नाहीच होत” असं दर मिनिटाला जाहीर करत होता. अरे बाबा, घरातून बाहेर जाऊन पुन्हा त्याच घरात वळायचं, हे बऱ्याच राउटरांना जमतच नाही. वायफाय बंद कर, मोबाइल डेटावरून बघ. बघितलं. तरी टाइम्ड आउट.

मग राउटरच्या स्टेटस पानावर गेलो. तिथे माझा बाहेरचा पत्ता १०० पूर्णविराम ७० काहीतरी. ‘माझा आयपी काय’ असं विचारल्यावर वेबसाइट सांगते तो पत्ता भलताच. हे दोन आकडे जुळले नाहीत की समजायचं, आपण सीजीनॅटमध्ये आहोत. १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवलेत. म्हणजे नेट देणाऱ्या कंपनीने शेकडो ग्राहक एका खऱ्या पत्त्यामागे दडवलेले असतात. आतून कोण बाहेर गेलं याची नोंद त्यांच्या यंत्राकडे असते, म्हणून उत्तर बरोबर परत येतं. पण बाहेरून कोणी आपणहून आलं, तर ते कोणाकडे आलंय हे त्या यंत्राला कळायला मार्ग नाही. ते त्याला तिथेच टाकून देतं. माझ्या राउटरपर्यंत काही पोचतच नव्हतं, तर मी त्यात कितीही पोर्ट उघडले तरी काय उपयोग?

एवढं हातात आल्यावर मी तक्रार नोंदवली. सविस्तर, मुद्देसूद, दोन्ही आकड्यांसकट. त्यावर काल एक तरुण घरी आला.

“सर, नेट बंद आहे का?”

“नाही, चालू आहे.”

“मग स्लो आहे?”

“नाही.”

तो थबकला. बंदही नाही आणि स्लोही नाही, अशी तक्रार त्याच्या नोकरीत अजून आली नसावी. त्याने मोबाइल काढून स्पीड टेस्ट लावली. काटा सर्रकन उजवीकडे गेला. लेकीचा निकाल दाखवावा तसा त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला.

“सर, स्पीड तर मस्त येतोय!”

“मला स्पीड नकोय हो. बाहेरच्या माणसाला माझ्या कॉम्प्युटरशी जोडलं जाता आलं पाहिजे.”

“कोण माणूस?”

“भाच्याचे मित्र.”

“मग त्यांना वायफायचा पासवर्ड द्या ना.”

“ते त्यांच्या घरी आहेत.”

“त्यांच्याकडे नेट नाही का?”

“आहे.”

“स्लो आहे?”

मी पाणी प्यायलो. मग म्हटलं, “हे बघा, माझ्याकडे एक सर्व्हर आहे.” त्याने खोलीभर नजर फिरवली, वाकून टेबलाखाली बघितलं. “कुठाय?” मी बोट दाखवलं. “हा तर पीसी आहे, सर,” तो म्हणाला. त्या स्वरात मला कोणीतरी फसवल्याबद्दलची कणव होती.

“तुमच्या ऑफिसला एवढंच कळवा, की मला सीजीनॅटमधून बाहेर काढा.”

त्याचा चेहरा उजळला. “कॅट सिक्स? आहे ना गाडीत!” आणि मी ‘अहो’ म्हणेपर्यंत तो खाली जाऊन वायर घेऊनही आला. राउटरपासून कॉम्प्युटरपर्यंतची धडधाकट वायर त्याने उपटली आणि नवी जोडली. पिन बसल्याची टिक ऐकून समाधानाने मान हलवली. पुन्हा स्पीड टेस्ट. वायर बदलली कॉम्प्युटरची, टेस्ट त्याच्या मोबाइलवर, वायफायवरून. काटा पुन्हा उजवीकडे. “आता बघा!” मी बघितलं. भाच्यानेही बघितलं आणि तो चक्क म्हणाला, “वाढला की रे मामा.”

निघताना दारात चप्पल घालता घालता त्या तरुणाने मला समजावलं. “सर, तुम्ही घरगुती कस्टमर आहात. तुमच्याकडे बाहेरून कोण कशाला येईल? तुम्ही जा ना सगळीकडे!”

हे वाक्य मला कालपासून खुपतंय. त्याचा राग नाही, तो बिचारा काटा बघायलाच पाठवलेला. पण जे फोनवरच्या कोणी कबूल केलं नाही, ते तो सहज बोलून गेला. आम्ही पैसे भरायचे ते फक्त बाहेर जाण्याचे. बघा, मागवा, डाउनलोड करा. आमच्याकडे कोणी यायचं नाही. कुठलंही मशीन कुठल्याही मशीनशी थेट बोलू शकेल, या तत्त्वावर हे जाळं विणलं गेलं होतं. मान्य, जुन्या पद्धतीचे पत्ते जेमतेम चारशे एकोणतीस कोटी, आणि मध्यवर्ती साठ्यातले शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ ला वाटूनही झाले. पण आयपीव्ही सिक्स (पत्त्यांची नवी पद्धत) त्याच्या कितीतरी आधी तयार होतं, आणि त्यात पत्ते इतके आहेत, की माझ्या मेंढ्यांनासुद्धा एकेक देता येईल. माझ्या लाइनवर ते आहेसुद्धा. पण कंपनीने दिलेल्या राउटरमध्ये त्यातून कोणाला आत घ्यायची सोयच ठेवलेली नाही, आणि टोळीतल्या अर्ध्या पोरांकडे ते पोचलेलंच नाही. फोन केला तर उत्तर तयार : स्वतंत्र पत्ता फक्त बिझनेस प्लॅनवर. माझा बिझनेस काय, तर मेंढ्या! वर मेसेज आला, ‘आपली तक्रार सोडवण्यात आली आहे.’ कोणी सोडवली? कॅट सिक्सने?

शेवटी आडवाटेने गेलो. टनेल लावला. म्हणजे माझ्याच कॉम्प्युटरवरचा एक प्रोग्रॅम आपणहून बाहेरच्या एका खऱ्या पत्त्याच्या मशीनकडे जातो आणि ती वाट उघडी धरून ठेवतो. पोरं त्या मशीनकडे जातात आणि त्याच वाटेने माझ्याकडे येतात. आतून बाहेर जायला कोणाची हरकत नसतेच. दोन घरं पलीकडच्या पोराचा निरोपही आता लांबचा वळसा घालून येतो, त्यामुळे मेंढी मारल्यावर ती अंमळ विचार करून मरते. पण चालतंय. रात्री टोळी एकेक करून आत उतरली, आरडाओरडा झाला आणि पहिल्याच मिनिटात कोणीतरी कोणाचं तरी घर पेटवलं.

मलाही जरा हुरूप आला. लॅपटॉप उघडला, पत्ता टाकला, जॉइन दाबलं. क्षणभरही न थांबता उत्तर : या सर्व्हरच्या व्हाइटलिस्टमध्ये तुमचं नाव नाही.

“अरे, हे काय?”

“अनोळखी कोणी घुसू नये म्हणून लावलं, मामा.”

“मी अनोळखी?”

“तसं नाही रे. पण तू खेळत नाहीस ना, नुसता चालतोस. मध्ये मध्ये येतोस. थांब, सगळ्यांना विचारून सांगतो.”

सर्व्हरच्या त्या काळ्या खिडकीत एक ओळ टाइप केली की माझं नाव यादीत जातं, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण त्या खिडकीसमोरच्या खुर्चीत तो बसलाय, आणि उठायचं नाव घेत नाहीये.