वारलीला पहिला मान कुणी दिला?

गेले काही दिवस एक मजकूर कोकणातल्या बहुतेक ग्रुपवर फिरतो आहे. मला तो सावंतवाडीच्या नातेवाइकांनी पाठवला, तसाच डहाणूच्या मित्रानेही. सार असं: भारतीय कलाकाराला गोऱ्याने पाठ थोपटल्याशिवाय चैन पडत नाही. वारली चित्रकला परदेशी लोकांनी उजेडात आणली, चित्रकार गायतोंडे न्यूयॉर्कमुळे मोठे झाले, ‘श्वास’ या मराठी चित्रपटासाठी आपण ऑस्करपुढे हात पसरले, आणि आता जत्रेत रात्रभर नाटक करणारा आमचा दशावतारीही परदेश दौऱ्याकडे डोळे लावून बसलाय. वाचून मला राग आला, कारण यात ज्यांचा अपमान होतो त्यांतले बरेच जण उत्तर द्यायला हयात नाहीत.

वारलीपासून सुरुवात करतो, कारण सगळ्यात मोठी चूक तिथेच आहे. वारल्यांच्या घरात लग्न निघालं की आतली भिंत सारवून गेरूने रंगवतात. तांदळाचं पीठ पाण्यात कालवून, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने सुवासिनी त्या भिंतीवर चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी चित्र, लिहितात. लिहितात असंच म्हणायचं. मधोमध पालघट देवी, बाजूला धवलेरीची, म्हणजे लग्न लावणाऱ्या बाईची, गाणी. चौकाशिवाय लग्न नाही, आणि लग्न उरकलं की त्या भिंतीचं पुढे काय होतं हे कुणी बघत नाही. पुढच्या लग्नाला नवा चौक. यात बाहेरच्या शाबासकीला जागा कुठे आहे?

हे काम भिंतीवरून कागदावर आलं ते १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला. कागद घेऊन पाड्यांवर गेला तो भास्कर कुलकर्णी, आपला मराठी चित्रकार. त्याआधी बिहारमध्ये मधुबनीच्या बायकांपर्यंतही तोच कागद घेऊन गेला होता. डहाणू तालुक्यातले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला १९७६ साली. पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या प्रदर्शनात त्यांचं काम लागलं १९८९ साली. मधली तेरा वर्षं हा मजकूर गिळून टाकतो. एक गोष्ट मात्र मान्य करायलाच हवी: नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार त्यांना २००९मध्ये मिळाला, आणि आपली पद्मश्री २०११मध्ये. हा उशीर आपण केला. त्याचं खापर जिव्या म्हसे यांच्या डोक्यावर कसं फोडणार?

आता गायतोंडे. मूळ गोव्याचे, वाढले गिरगावात. १९६४मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला गेले, हे खरं. पण हाव असलेला माणूस तिथेच राहतो. हे परत आले आणि दिल्लीत निजामुद्दीनच्या एका खोलीत, लोकांपासून लांब, वर्षाला मोजकीच चित्रं करत राहिले. पद्मश्री १९७१ची. न्यूयॉर्कच्या ज्या गुगेनहाइम संग्रहालयाचा हवाला हा मजकूर देतो, तिथलं त्यांचं प्रदर्शन भरलं २०१४मध्ये. गायतोंडे २००१मध्येच गेले होते. मेल्यानंतर तेरा वर्षांनी मिळालेल्या मानाची हाव माणूस जिवंतपणी कशी धरेल?

याच मजकुरात चित्रकार सूझाचं नावही एका ओळीत येऊन जातं. गोव्यातल्या साळगावचा हा मुलगा १९४९मध्ये लंडनला गेला, त्याआधी मुंबईत त्याच्या चित्रांवर अश्लीलतेचा ठपका बसला होता. लंडनमध्येही नाव व्हायला १९५५ उजाडलं, तोवर हलाखीच होती. घरात बसू दिलं नाही म्हणून बाहेर पडलेल्याला हावरट म्हणू नये.

‘श्वास’बद्दल मी अर्धी माघार घेतो. ऑस्करच्या प्रचारासाठी वर्गणी जमवली होती, आणि तेव्हा आपल्या सगळ्यांच्या अंगात आलं होतं. पण कोकणातल्या आजोबा-नातवाच्या या गोष्टीला सुवर्णकमळ आधीच मिळालं होतं. मराठी चित्रपटाला त्याआधी देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा हा मान मिळाला होता थेट १९५४मध्ये, ‘श्यामची आई’ला, तेव्हा राष्ट्रपतींचं सुवर्णपदक म्हणून. ती गोष्टही कोकणातलीच. पन्नास वर्षांनी घरी आलेलं सुवर्णकमळ बाजूला सारून आपण ऑस्करची चर्चा केली. ही हाव प्रेक्षकांची होती, माझ्यासकट.

राहिला दशावतारी. परदेशाचं बोलावणं आलं तर त्याने जरूर जावं, त्यात कमीपणा काय? पण डोळे लावून बसायला त्याला वेळ असतो का, ते एकदा देवळामागे जाऊन बघा. गेल्या मार्गशीर्षात आमच्या जत्रेला मी गेलो होतो. पालखी आत गेली, साडेबारा वाजले होते. राणीचं काम करणारा दिवसभर भात झोडून आलेला. पेटाऱ्याला टेकवलेल्या वीतभर आरशात बघून तो भुवया कोरत होता, एक पोरगा मोबाइलचा उजेड धरून उभा. लिहिलेले संवाद नाहीत. कथा ठरलेली, बोलायचं ते तिथल्या तिथे सुचायला हवं. मी त्याला हा मजकूर वाचून दाखवला. तो आरशातून नजर न काढता म्हणाला, “फुडे बसलेली म्हातारी मधीच उठान गेली, तर माझी रात फुकट. माका तेवढाच कळता.”

मी मुद्दाम शेवटपर्यंत बसलो. उजाडता उजाडता नाटक संपलं, तेव्हा पहिल्या रांगेतली म्हातारी कांबळं पांघरून जागीच होती. काठी टेकत ती मागे आली. “फाल्या खंय?” तिने विचारलं. त्याने पुढच्या जत्रेच्या गावाचं नाव सांगितलं आणि नऊवारीची घडी पेटाऱ्यात ठेवली.